मोडांचा रुमाल आणि उन्हातली दोरी

मी आता जुना झालोय, मित्रांनो. मुगाला मोड आणायचा सुती रुमाल मी. माझ्या मधोमध एक हिरवट डाग आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला चोरून बघायला नको.

एका विरलेल्या चादरीतून सासूबाईंनी मला कापलं आणि चारी कडा दुमडून शिवल्या. घरात दोन सुना, पण मोडांचा कारभार सासूबाईंकडे. त्या किडके-फुटके दाणे निवडून टाकायच्या, मूग रात्रभर भिजवायच्या आणि चाळणीत पाणी पार निथळू द्यायच्या. पुरचुंडी सैल बांधायच्या, दाण्यांना वारा लागायला हवा म्हणून. सकाळ-संध्याकाळ दाणे धुवायचे, पुन्हा निथळायचे. काम संपलं की मला उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायच्या. मोड तयार झाले की पुरचुंडी नाकाशी नेऊन त्या निकाल द्यायच्या. ‘झकास’ म्हणाल्या तरच वाट्या मांडल्या जायच्या. शेजारणी कौतुक करायच्या, ते सगळं सासूबाई आपल्या खात्यावर जमा करायच्या. माझ्या वाट्याला काही नाही. असो.

मग सासूबाई तापाने पडल्या. त्याच सुमारास दोन्ही जावांचं बिनसलं. कारण केवढंसं, तर उन्हाच्या खिडकीतली दोरी कपडे वाळत घालायला कोणी आधी अडवायची. अबोला मात्र भलामोठा. बोलणं काय ते भांड्यांमार्फत. थोरली झाकण आपटायची, धाकटी पातेल्याने उत्तर द्यायची. त्या दोरीवरच मी वाळायचो. आता तिकडे मला कोण नेणार? मी ओलाच मोरीतल्या खिळ्यावर लटकत राहिलो.

ताप उतरला आणि सासूबाईंना मोड खावेसे वाटले. त्यांना घासभर अन्न जावं म्हणून दोघी जिवाचं रान करत होत्या, पण एकमेकींना न सांगता. कुबट वास येणाऱ्या माझ्यातच मूग बांधले गेले. थोरलीने लवकर मोड यावेत म्हणून पुरचुंडी गरम शेगडीजवळ ठेवली आणि वर पाणी शिंपडलं. तिची पाठ वळताच धाकटीनेही शिंपडलं. असंच चालू राहिलं. निथळायचं काम दुसरीने केलं असणार, असं दोघी धरून चालल्या होत्या. आत दाणे गुदमरत होते आणि मला तोंड नव्हतं.

पुरचुंडी सुटली. सासूबाईंनी ती नाकाशी नेली. मला वाटलं, आता फेकून द्यायला सांगतील.

“झकास,” त्या म्हणाल्या आणि दोन घास कच्चेच खाल्ले.

वाट्या भरताना धाकटीच्या बोटांना बुळबुळीत तार लागली. तिने थोरलीकडे पाहिलं. आधी तोंड उघडेल ती हरली, असा मामला होता. सासूबाईंनी तिसरा घास उचलला, तशी धाकटीने वाटीच काढून घेतली.

“ताई, यातलं पाणी तुम्ही निथळलंत ना?”

“मी? मला वाटलं, तू.”

सासूबाई आधी तडकल्या, “माझ्या नाकावर विश्वास नाही का?” म्हणाल्या. मग त्यांची मान खाली गेली. “तापापासून मला वासच येत नाही गं. सांगितलं असतं, तर मला इथे विचारणार कोण?”

ते दोन घास महागात पडले. सासूबाई पुन्हा अंथरुणाला खिळल्या. दोघी आळीपाळीने उशाशी बसल्या. डॉक्टरांनी बजावलं, आजाऱ्याला कच्चे मोड देऊच नका, नीट शिजवून द्या. मला कचऱ्यात टाकायचं ठरत होतं. पण थोरलीने उकळलं आणि धाकटीने दोरीवरचे स्वतःचे कपडे सरकवून मला जागा केली. डाग तेवढा राहिला.

सासूबाई हळूहळू सावरल्या. वास मात्र परतला नाही. आता पुरचुंडी आधी थोरली हुंगते, मग धाकटी, आणि मग मानाने ती सासूबाईंपुढे धरतात. त्या डोळे मिटून हुंगतात आणि हलकेच विचारतात, “कसा आहे गं वास?”

मित्रांनो, माझ्यासारख्याला कोरडं ठेवा, दाणे निथळू द्या, आणि निथळलेत की नाही ते एकमेकांना तोंडाने सांगा. आणि घरात कोणी असं हलकेच विचारलं, तर हसू नका. वास कसा आहे, ते खरं सांगा.