निरंक

बायको, सुप्रभा, गेल्यापासून शशिधरचा कशावरच विश्वास बसत नसे. दुधाच्या बाटलीवरची तारीख तो दोनदा वाचायचा, गॅस बंद केला की परत जाऊन बघायचा. त्यामुळे विनयने पाठवलेल्या रिपोर्टवर त्याची नजर अडली, यात नवल नव्हतं.

रिपोर्ट कॅनडातल्या एका प्लांटचा होता. जुन्या टायरांपासून तेल काढणारा हा प्लांट तिथल्या मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनीवर उभा होता. मालक कंपनी लंडनची. तिला आता रात्रपाळी सुरू करायची होती आणि त्यासाठी बाहेरच्या इंजिनिअरची सही लागत होती. तो इंजिनिअर म्हणजे लंडनजवळच्या पिनरमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेला शशिधर.

हवेचे आकडे ठीक होते. सतराव्या पानावर रकाना होता, वर्षभरात आलेल्या तक्रारी. पुढे एकच शब्द, 'निल'.

शशिधरने चष्मा पुसला. तरुणपणी त्याने सांगलीला सरकारी नोकरीत चार वर्षं काढली होती. तिथे महिन्याचे तक्ते भरताना, ज्या गावात कुणी फिरकलंच नाही त्या गावापुढे बिनदिक्कत 'निरंक' लिहायचे. त्यानेही लिहिलं होतं. सुप्रभाला त्या शब्दाची गंमत वाटायची. आमटीत मीठ पडलं नसलं की म्हणायची, "आज मीठ निरंक."

बर्मिंगहॅमहून विनयचा फोन आला. काम देणारा तोच. इथेच जन्मलेला, आईकडून शिकलेलं मराठी मोडकं, पण बोलायचा हौसेने.

"काका, सही झाला का?"

"तक्रारी निल कशा?"

"गुड ना! लोक हॅपी आहेत."

"तिथे टायर भाजतात, विनय. इथे शेजाऱ्याने बार्बेक्यू लावला तरी कौन्सिलला चार ईमेल जातात."

विनय हसला, पण जरा उशिरा. "तुम्हाला सगळ्याच गोष्टीत डाउट असतो, काका. डेटा प्रॉपर चॅनेलने आलाय."

"कुठल्या?"

"चेक करतो. पण फ्रायडे डेडलाइन आहे हं."

दोन दिवस त्याचा फोन नाही. मग शशिधरने त्या वस्तीतल्या दवाखान्याचा नंबर शोधला आणि दुपारी तीनला, तिथे सकाळ झाल्यावर, लावला. नर्स आधी बोलायलाच तयार होईना.

"तुम्हाला कंपनीने पाठवलंय ना?"

"हो. पण सही माझी आहे, म्हणून तक्रारींचं विचारतोय."

तिने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एकतीस."

एकतीस तक्रारी गेल्या होत्या. प्रांताच्या खात्याने त्या परत पाठवल्या, कारण राखीव जमिनीवर त्यांचा कायदा चालत नाही. केंद्राच्या खात्याने कळवलं, अशा प्लांटसाठी आमच्याकडे नियमच नाही. नोंद कुठेच झाली नाही, म्हणून तक्रारही नाही.

"मुलांचा खोकला मी माझ्या वहीत लिहिते," नर्स म्हणाली. "ती वही आजवर कुणी मागितली नाही."

फोन ठेवल्यावर शशिधरला दुसरा एक रकाना आठवला. दोन वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, त्याने सुप्रभाचा जीपीचा, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरचा, फॉर्म भरला होता. ती स्वतः डॉक्टर, तिला असल्या फॉर्मचा कंटाळा. खोकला आहे का, या प्रश्नापुढे त्याने 'नाही' लिहून टाकलं. ती आतल्या खोलीत खोकत होती. हिवाळ्यात खोकतेच, असं त्याला वाटलं. त्याने विचारलं नव्हतं.

त्याने नर्सकडून वहीच्या पानांचे फोटो मागवले आणि शुक्रवारी रिपोर्टला जोडून पाठवले. तासाभरात विनय फोनवर.

"काका, तुम्ही निल खोडलंत?"

"हो."

"आणि लिहिलंय काय, 'कुणी विचारलं नाही'? इट्स द सेम थिंग!"

"सेम नाही. मधे एकतीस तक्रारी आहेत."

"बरं, ते बघू. पण सही कुठे आहे? सहीशिवाय नाइट शिफ्ट सुरू होणार नाही, यू नो दॅट."

"सही निरंक."

"म्हणजे?"

"आईला विचार," शशिधर म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.