विमलच्या नावाचा आजार

"हात पुढं करा, वयनी. मूठ आवळा," बबलू मेडिकलवाला म्हणाला आणि लॅबवाल्यानं सुई बाहेर काढली.

विमल शेलूबाजारच्या त्या दुकानात नवऱ्याच्या गोळ्यांची बाटली न्यायला आली होती. पण बबलूच्या लेखी गोळ्या तिच्याच होत्या, आजारही तिचाच होता. आणि तीन महिने झाले की रक्त तपासल्याशिवाय नवी बाटली द्यायची नाही, हा त्याचा नियम. मागं चार गिऱ्हाईकं उभी. खरं बोलावं तर नवऱ्याची अब्रू जाते, गप्प राहावं तर रक्त जातं. विमलनं मनातल्या मनात संघदीपला एक सणसणीत शिवी हासडली आणि हात पुढं केला.

संघदीप वायरमन. कंत्राटी असला तरी लाईट गेली की लोक त्यालाच फोन करत, कारण पोलवर त्याच्यासारखं सरसर चढणारं दुसरं कोणी नव्हतं. तोच माणूस हिवाळ्यात ताटावर बसल्याबसल्या पेंगायला लागला. अंग जड, आवाज घोगरा, उठलं की चक्कर. दारू प्यायला लागला की काय म्हणून विमलनं दोनदा त्याचं तोंड हुंगलं. शेवटी अकोल्याच्या डॉक्टरनं थायरॉईड सांगितलं. घाबरायचं कारण नाही, रोज सकाळी चहाच्या आधी एक गोळी, आणि ती मधेच सोडायची नाही.

परतताना गाडीत त्यानं विमलला बजावलं, "कोनाले सांगू नको. बायाचा आजार हाय तो. लोक हासतीन मले. अन् ठेकेदार पोलवर चढू देईन का?"

आणि चिठ्ठीवरचं नाव झाकून बबलूला जाऊन सांगितलं, बायकोसाठी पाहिजेत.

तेव्हापासून विमलच्या जिवाला ताप झाला. जिचं आयुष्यात कधी डोकं दुखलं नाही, तिला अर्धं गाव तब्येत विचारू लागलं. थायरॉईडला वाईट म्हणून शेजारच्या मनकर्णाबाईनं पत्ताकोबी बंद करायला लावली. बचतगटात पापडाचं पीठ कुटायचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि तिला वाळत घातलेले पापड उलटायला बसवलं. "तुले झेपनार नाई, विमल," बाया मायेनं म्हणाल्या. त्या मायेचाच तिला जास्त संताप यायचा.

आठवड्यानं रिपोर्ट आला. बबलू खूष. गोळी चालू असली की रिपोर्ट नॉर्मलच येतो, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

"एकदम नॉर्मल हाय, वयनी. आता गोळी कायले पाह्यजे?"

"द्या ना भाऊ. असू द्या घरात."

"रिपोर्ट चांगला असतानी गोळी देनं बरोबर नाई. छातीत धडधड होते त्यानं. डॉक्टरची नवी चिठ्ठी आना."

विमल फणफणतच घरी आली. "आता तुमी जा अन् बबलूले खरं सांगा. नाईतर अकोल्याले चाला."

"जातो ना."

"कवा?"

"लाईनीचं काम आटपलं का जातो."

असा तो वीस दिवस जात राहिला. चेहरा सुजला. सकाळी एक बूट पायात आणि दुसरा हातात घेऊन तो खाटेवर नुसता बसून राहायचा. विमल भांडली, रडली, दोन दिवस अबोला धरला. अबोला त्याच्या लक्षातही आला नाही, कारण घरी आला की तो झोपलेलाच असे.

त्या सकाळी ती मनकर्णाबाई आणि बचतगटाच्या इतर बायांसोबत मंगरूळपीरच्या रस्त्यानं बैठकीला निघाली होती. वाटेत पोलखाली माणसं जमलेली दिसली. वर, निम्म्यावर, संघदीप दोन्ही हातांनी पोलला मिठी मारून, डोळे मिटून थांबला होता. कमरेचा सेफ्टी बेल्ट होता म्हणूनच तो अजून वर होता. खालून त्याचा जोडीदार गुलाबसिंग ओरडत होता, "सोडू नको, संघा. थांब तसाच."

विमल माणसांतून वाट काढत पुढं गेली. ती पोलच्या बुडाशी जाऊन उभी राहिली.

"मी हाओ इथं," ती म्हणाली. "खाली पाहू नका. एक एक पाय ठेवा."

उतरायला त्याला दहा मिनिटं लागली. खाली येऊन तो मातीतच बसला. गुलाबसिंगनं पाण्याची बाटली दिली आणि जमलेल्या लोकांना म्हणाला, "वयनीच्या बिमारीचं टेन्शन घेऊन राह्यला तो."

मनकर्णाबाईनं मान हलवली, विमलच्या पाठीवर हात ठेवला. "तू जप वं सोताले."

आता मात्र हद्द झाली. चार महिन्यांचं साचलेलं सगळं विमलच्या ओठांवर आलं. ती तोंड उघडणार, तेवढ्यात संघदीप बोलला.

"तिले काई झालं नाई." तो मातीकडं बघत होता. "थायरॉईड मले हाये. गोळ्या माह्या हायेत. म्या तिचं नाव सांगतलं. वीस दिवस झाले, गोळी नाई घेतली."

कोणी हसलं नाही. मनकर्णाबाईचा हात विमलच्या पाठीवरून हळूच निघाला.

वरचं काम तसंच राहिलं होतं, चाळीस घरांची लाईट बंद होती. संघदीपनं बेल्ट सोडून गुलाबसिंगच्या हातात दिला. इतक्या वर्षांत त्याच्या मापाचं एकच भोक झिजून मोठं झालं होतं. गुलाबसिंग किडकिडीत. त्यानं तीन भोकं सोडून बकल लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि चढायला लागला.

विमल नवऱ्याशेजारी मातीत बसली. इतके दिवस साठवलेलं बोलणं तिला काही केल्या आठवेना.

संघदीपनं सामान वर पाठवायचा, पोलवरून लोंबणारा दोर हातात घेतला. मान वर करून म्हणाला, "डाव्या पायाखाली पाह्य, गुलाब. तो अँगल ढिला हाय."