बर्फ फुटना

सानिका शिवलकर मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. दर आठवड्याला ती मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर शनिवार-रविवारसाठी पाच नवी गाणी टाकते. दोन इलेक्ट्रो-पॉप, तीन अंडरग्राउंड हिप हॉप. अट एकच, गाणं कुणी ऐकलेलं असता कामा नये. ग्रुपमध्ये अकरा जण आहेत. टाकल्यानंतरही ती गाणी बहुतेक कुणी ऐकत नाही. अपवाद हर्षदचा. तो त्याच कारखान्यात पॅकिंग बघतो आणि तिच्या शेजारी बसून डबा खातो, त्यामुळे त्याला सुटका नाही.

त्या शुक्रवारी चार गाणी जमली होती. पाचवं शोधता शोधता तिला ‘बर्फ फुटना’ सापडलं. कलाकाराचं नाव ‘खडखड’, ऐकणारे एकूण चौदा. यंत्राच्या दणदणत्या ठेक्यावर एक वैतागलेला, घोगरा आवाज म्हणत होता:

‘बेरिंग गेली, पट्टा ढिला,
सोमवार गेला, गुरुवार गेला,
मेल्या निलेशा, येतोस कधी?’

सानिकाचा घास हातातच राहिला. “ऐकलंस? पट्टा म्हणजे समाज. ढिला पडलाय.”

“आणि निलेश?”

“निलेश म्हणजे व्यवस्था. हाक मारली तरी न येणारी.”

हर्षदने मान डोलावली, कारण भाकरी संपायची होती. एवढ्यात गाण्यात मागून कुणीतरी ओरडलं, ‘दादू, बर्फ दे रे!’ आणि लाँचचा भोंगा वाजला.

“हा मिरकरवाड्याच्या बंदरातला आहे!” सानिका उभीच राहिली. “आपल्या गावात अंडरग्राउंड रॅपर आहे आणि आपल्याला पत्ता नाही!”

शनिवारी सकाळी दोघं बंदरावर गेले. हर्षदने काळी टोपी आणि बहिणीची जाड साखळी घातली होती. रॅपरला भेटायचं तर जरा तसं दिसायला हवं, असं त्याचं म्हणणं. ‘दादू कुठे भेटेल’ म्हणून विचारल्यावर एका खलाशाने बर्फाच्या गाळ्याकडे बोट केलं. आत लादी फोडायच्या यंत्राचा तोच ठेका चालू होता. जवळ उभा होता साठीचा एक माणूस, पायात गमबूट, चष्मा दोरीने मानेत अडकवलेला.

“खडखड तुम्हीच का?” सानिकाने विचारलं.

“मी दादू मयेकर. खडखड ही करते,” दादूने यंत्राकडे मान केली. “तुम्हाला निलेशने पाठवलान?”

सानिकाने गाणं लावून मोबाइल त्याच्या कानाशी धरला. दादूने पूर्ण ऐकलं. परत लावायला सांगितलं.

“काय गो, हा तर मीच! संगमेश्वरच्या मेकॅनिकला, त्या निलेशला पाठवलेला आवाज. मशीनचा आवाज ऐकव, काय झालाय ते बोल, म्हणाला. बर्फ फुटना, म्हणून तीन आठवडे रोज पाठवतोय.” मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे मेल्याने गाणा केलान? आणि मशीन नाय केलान?”

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. निलेश पलीकडून चाचरत म्हणाला, “दादूकाका, आवाजच असला भारी होता... मशीन दुरुस्त केली असती तर गेला असता.”

“दुपारपर्यंत ये. नायतर तुझ्या दारात येऊन गातो.”

दीडच्या सुमाराला निलेश आला, एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्यात रेकॉर्डर. तासाभराने यंत्र मांजरासारखं घुरघुरायला लागलं.

“काका, बेरिंग ठणठणीत होती. पुली झिजली होती.”

दादूचा चेहरा पडला. “म्हणजे गाण्यात चूक आहे? सगळ्या बंदरावर नाचक्की होईल. बदल आधी.”

निलेशने रेकॉर्डर पुढे धरला. “पुली गेली, पट्टा ढिला,” दादू म्हणाला, पण आरती म्हणावी तसा.

“जरा चिडा ना, काका.”

“मशीन चालू झाली. आता चिडू कशाला?”

हर्षदने टोपी फिरवून त्याला चिडवून बघितलं. दादूने त्याला कौतुकाने बर्फाचा तुकडा दिला.

तेवढ्यात मासे विकणारी गंगुबाई टोपली घेऊन दारात आली. “कधीपासून उभी आहे मी! सुरमई नरम पडायला लागली आणि तुम्ही चौघं भजनं करताय? बर्फ देतोस का जाऊ दुसरीकडे?”

“देतो म्हटला ना!” दादू कडाडला. “पुली गेली, पट्टा ढिला, सोमवार गेला, गुरुवार गेला! सगळ्यांनी माझ्याच बोकांडी बसायचा?”

निलेशचा अंगठा बटणावरच होता. सानिकाने तोंडावर हात दाबून धरला होता.

रविवारी सकाळी नवं गाणं आलं. मध्येच गंगुबाई सुरमईबद्दल बोलते, ते निलेशने तसंच ठेवलं. मात्र त्यासाठी दादूला तिच्या घरी जाऊन परवानगी घ्यावी लागली आणि तिने ती दिली, गाण्यावर ‘खडखड’च्या आधी तिचं नाव लिहायच्या अटीवर.