बशीतलं हिरवं

द्राक्षांचा हंगाम सरला की वाइनच्या कारखान्यात धुण्याचा हंगाम सुरू व्हायचा. टाक्या, नळ्या, फरशा धुऊन निघालेलं जांभळट, आंबूस पाणी मागच्या खड्ड्यात साचायचं. कारखाना आत्याचा, प्रयोगशाळा सांभाळायची तिची भाची. या पाण्यात सूक्ष्म शेवाळ वाढवून माशांचं खाद्य करता येईल का, हा किडा भाचीच्या डोक्यात शिरला होता.

“शेवाळ घासायला मी माणसं ठेवते,” आत्या म्हणाली, “आणि तू मुद्दाम वाढवणार?”

“हे इतकं बारीक की एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही.”

“मग वाढलं हे कळणार कसं?”

“पाणी हिरवं होईल.”

पाणी काही हिरवं व्हायचं नाव घेईना. कच्च्या पाण्यात शेवाळाने लगेच मान टाकली. मग भाचीने गाळ खाली बसू दिला, चुन्याने आंबटपणा मोडला, पंपाने हवा सोडली. हवा मिळताच जिवाणूंनी पाण्यातली साखर फस्त केली. वास गेला, जांभळट रंग मात्र कोऱ्या चहासारखा गडद होऊन राहिला. ते पाणी तोटीच्या मोठ्या काचेच्या बरणीत भरून तिने पुन्हा शेवाळ सोडलं. ते मेलं नाही, पण वाढेही ना.

बरणीची तोटी गळायची, म्हणून खाली बशी ठेवलेली. एका सकाळी भाची ती बशी ओतून द्यायला गेली आणि हात तिथेच थांबला. बशीतलं पाणी पोपटी झालं होतं. पाणी तेच, शेवाळही तेच. मग बशीत असं काय होतं?

तिने बरणीत बोट बुडवलं. दुसऱ्या पेरापाशी ते दिसेनासं झालं. म्हणजे बरणीत वरच्या शेवाळाला ऊन, आणि खालचं सगळं अंधारात उपाशी.

आत्याच्या कचेरीतला चहाचा ट्रे तिने गुपचूप पळवला आणि त्यात बरणीतल्या पाण्याचा पातळ थर पसरला. चार दिवसांनी आत्या ट्रे शोधत आली. हिरवंगार पाणी बघून ओरडायचं विसरलीच. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसली.

“किती गोल आहेत गं,” ती हळूच म्हणाली.

पुढच्या हंगामाआधी खड्ड्याशेजारी रुंद, उथळ हौद बांधून झाला. धुण्याचं पाणी साफ होऊन त्यात येऊ लागलं, आणि पहिलं शेवाळ गाळून मत्स्यशेतीवाल्याकडे गेलंही. त्या दिवशी आत्याने हौदाच्या एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथलं पाणी जास्तच गडद होतं.

“तिथेच का गं?”

भाचीला माहीत नव्हतं. तिने पदर खोचला आणि दोघी काठावर ओणव्या झाल्या.