रोजचा एक टँकर

"घे ना मग शपथ! कर नाही त्याला डर कशाला?"

इंजिनियर सिनान हे म्हणाला तेव्हा वीजकेंद्राच्या जेवणघरात वीसेक माणसं होती. भाताच्या थाळ्या समोर होत्या, पण हात थांबले होते. जासिब तेवढा उभा होता; थोरल्या मुलाच्या, वहीदच्या, नावावरून त्याला अबू वहीदही म्हणत. एकतीस वर्षं तो बसऱ्याजवळच्या या केंद्राचं पंपघर सांभाळत होता. टाकीतलं काळं जड तेल हीटरमधून पातळ करायचं आणि बॉयलरकडे ढकलायचं, हे त्याचं काम. आणि बगदादहून नव्याने आलेल्या या सिनानचा कागद सांगत होता की रोज तेहतीस टन तेल मधल्या मध्ये गायब होतंय. म्हणजे रोजचा एक भरलेला टँकर.

"कुणाची शपथ?" जासिबने विचारलं.

"अब्बासची. सगळ्यांसमोर. घेतलीस की विषय संपला."

देवाची खोटी शपथ घेणारे त्या मुलखात पुष्कळ भेटतील. पण इमामांचा शहीद भाऊ अब्बास, त्याची घेणारा भेटायचा नाही. त्याचा राग शीघ्र, खोटं बोलणाऱ्याला तो तिथल्या तिथे धरतो, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून चोर ओळखायचा हा जुना उपाय. पण साव माणसाला त्याच्यापुढे उभं करणं हा अपमान आहे, हेही सगळे जाणतात.

"नाही घेणार," जासिब म्हणाला. "तुमचा गुणाकार चुकलाय, उस्ताद. त्यासाठी मी अब्बासला कशाला त्रास देऊ?"

जेवणघरात कुजबुज झाली. बॉयलरवरचा हातिफ, त्याचा वीस वर्षांचा जोडीदार, थाळीतला भात चिवडत राहिला.

त्याच दुपारी जासिबकडून पंपघराची किल्ली काढून घेतली. मग चोरवाट शोधायला पंपघर ते बॉयलर अशी तेलाच्या नळाकडेची जमीन खणायला सुरुवात झाली. चार दिवस माणसं साप साप म्हणून भुई धोपटत होती. सापडला एक गंजका पाना, तोही केंद्राचाच.

"घेऊन टाकायची होतीत शपथ," बायको म्हणाली. "मी गेले की बायका बोलायच्या थांबतात."

"म्हणजे आकडा त्यांचा चुकणार, आणि हात मी वर करायचा?" जासिब असा ओरडला की शेजारच्या कोंबड्या फडफडल्या. रात्रंदिवस त्याच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. चोरी केली असती तर त्याला इतका राग आला नसता.

पाचव्या दिवशी तो सरळ प्रयोगशाळेत गेला. तिथल्या खौलाबाईंनी एक शब्द न विचारता त्याला वजनकाटा दिला आणि मुख्य अधिकारी हाज रज्जाक यांना निरोप धाडला. हाज आले, मागून सिनान आला.

"उस्ताद, मीटर काय सांगतो?"

"तासाला पंचवीस घनमीटर."

"आणि वजन कसं काढता?"

"शाळा घेतोयस का माझी? घनमीटरला नऊशे साठ किलो. म्हणजे चोवीस टन. आणि वीज निघते ती साडेबावीस टनांहून जेमतेम जास्त तेलाची."

"हे नऊशे साठ आणलंत कुठून?"

"यांच्याच दाखल्यावरून." सिनानने खौलाबाईंकडे बोट केलं.

"दाखल्यावर खाली अजून एक ओळ आहे," खौलाबाई म्हणाल्या. "पंधरा अंश तापमानाला. ती कुणी वाचत नाही."

"तुमचा मीटर हीटरच्या पुढे बसवलाय," जासिब म्हणाला. "तिथे तेल शंभर अंशांवर असतं. चला."

चौघं हीटरपाशी गेले. जासिबने एक लिटरचं पोलादी माप रिकामंच काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला. मग नळाची लहान तोटी सोडून ते वाफाळतं तेल काठोकाठ भरलं, आणि माप पुन्हा काट्यावर ठेवलं. नऊशे पाच ग्रॅम.

"तुमच्या हिशोबाने नऊशे साठ हवेत. पंचावन्न ग्रॅम कुठे गेले? माप माझ्या हातात होतं, डोळे तुमचे होते. बोला, कुणी चोरले? खिसे तपासता माझे?"

सिनान वाकून काटा पुन्हा वाचू लागला.

"तापलं की तेल फुगतं, उस्ताद. जागा जास्त अडवतं, वजन नाही वाढत. गरम तेलाचे घनमीटर आणि थंड तेलाची घनता! आजचं माप आणि कालचं वजन. असा गुणाकार माझी नातसुद्धा करणार नाही."

सिनानने खिशातून कागद काढून तिथेच आकडेमोड केली. पंचवीस गुणिले नऊशे पाच, साडेबावीस टनांच्या किंचित वर. तो टँकर कधी नव्हताच. त्याचे कान लाल झाले.

"चला, मिटलं," हाज रज्जाक म्हणाले. "सिनान, आकडा बदल. अबू वहीद, उद्यापासून ये कामावर. ही घे किल्ली."

"जेवणघरात कधी सांगणार?"

"काय सांगायचं?"

"वीस माणसांसमोर शपथ मागितलीत. वीस माणसांसमोर सांगा, की चूक तुमची होती."

"ताणू नकोस आता. नव्या पोराची चूक झाली, चारचौघांत त्याची लाज काढायची का?"

"माझी काढलीत ती?"

हाजनी घड्याळ पाहिलं. "खड्डा बुजवायला माणसं पाठवतो," एवढं बोलून ते निघाले.

"पाठवू नका. ज्याने खणायला लावला त्याने बुजवावा, सगळ्यांदेखत."

पण कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत पंपघरापुढचा चर तसाच उघडा होता. माणसं उडी मारून जात होती. खौलाबाई दूरच्या वाटेने गेल्या. ते पाहून जासिबने आतून एक जाड फळी आणली आणि चरावर आडवी टाकली. फावडं दाराशीच होतं, त्याला त्याने हात लावला नाही.

हातिफ पलीकडे येऊन थांबला.

"अबू वहीद, बुजवू या की दोघं मिळून. तासाभराचं काम."

"शपथ मागितली तेव्हा तू होतास ना तिथे?"

हातिफने फळीवर पाय ठेवला. फळी डगमगली. जासिबने आपल्या बाजूचं टोक पायाने दाबून धरलं.

"जपून ये," तो म्हणाला.