बुडवून वाचवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हणाले, मोडकी नव्हे. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

डोंगरांच्या कुशीत एक तळं आहे. सुट्टी लागली की त्याच्या काठी तंबू पडतात, मुलं दिवसभर पाण्यात डुंबतात आणि संध्याकाळी शेकोटीत बटाटे भाजतात. तिथल्या नावाड्याने मला स्वतःच्या हातांनी घडवलं. फळीला फळी भिडवताना त्याने घेतलेली मेहनत काही विचारू नका! मग कित्येक वर्षं मी तंबूवाल्यांना तळ्याची सैर घडवली. एखादे घाबरट काका माझा काठ घट्ट धरून बसत आणि उतरल्यावर आपण मुळीच भ्यालो नाही, असं सगळ्यांना सांगत फिरत.

पुढे प्लास्टिकच्या रंगीत होड्या आल्या. नावाड्याचे गुडघेही कुरकुरू लागले. त्याच्या धाकट्या मुलाने मला पत्र्याच्या शेडमध्ये नेलं, पुसलं, वर ताडपत्री घातली आणि पाण्याचा थेंबही लागू दिला नाही. माया होती हो त्यात, पण तिथेच तर घोडं पेंड खात होतं. लाकडी होडी कोरडी ठेवली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात.

तिकडे नावाडीही खिडकीशी बसून राहू लागला. आपली आता अडगळ झाली, असं म्हणायचा. कॅम्प सांभाळणारी त्याची थोरली मुलगी, म्हणजे सगळ्यांची ताई, भारी जिद्दीची. बाबांना पुन्हा पाण्यावर न्यायचंच, असं तिने ठरवलं. रंगीत होडीत तो पाऊल टाकेना, म्हणून तिने मला तळ्यात ढकललं. माझ्या फटीफटीतून पाणी आत आलं.

नावाडी काठी टेकून काठावर उभा होता. तो म्हणाला, "आता नाही मिटायच्या त्या फटी. माझ्यासारखीच झालीय ती. फोडा, शेकोटीला होईल."

मला फार वाईट वाटलं. पण शेकोटीत जायचं नाही म्हणजे नाही, असं मीही मनाशी पक्कं केलं.

ताईने वाद घातला नाही. बाह्या सरसावून तिने मला उथळ पाण्यात ओढलं, पोटात दगड भरले आणि सरळ बुडवलं. तंबूतली मंडळी पोट धरून हसली. दुरुस्तीसाठी होडी बुडवतात, हे त्यांनी कुठे पाहिलं होतं? पण लाकूड पाणी प्यायलं की फुगतं आणि सांधे मिटतात, हे लहानपणी बाबांनीच तिला शिकवलं होतं.

तळाशी मी हट्टाने पाणी पीत राहिले. नावाडी रोज यायचा, वाकून बघायचा आणि परतायचा.

एका सकाळी ताईने दगड काढले, पाणी उपसलं आणि मी तरंगले! एक सांधा अजून थोडा पाझरत होता, पण तेवढं चालायचंच. धाकट्याने हात दिला तसा नावाडी आत चढला. ताई वल्ही उचलणार, एवढ्यात तो म्हणाला, "सरक तिकडे. गुडघे गेलेत माझे, हात नाही."

त्या दिवशी आम्ही तळ्याच्या मध्यापर्यंत जाऊन आलो. परतताना तो गुणगुणत होता.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, जुन्या माणसांनाही जपा, पण झाकून ठेवू नका. त्यांचं एखादं काम त्यांच्याकडेच राहू द्या, एवढंच माझं मागणं. बरं, निघते आता. वल्ही घेऊन नावाडी आलाय आणि त्याला उशीर मुळीच खपत नाही.