मनीषाबाईंचा उघडा प्रोग्राम

११:१५

"काका, आधी हा प्रोग्राम बंद करा," कुंदन म्हणाला. "विंडोज अपग्रेड करताना काही उघडं नको."

मोतीरामने माउसवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. "ऱ्हाऊ द्या ना उघडा. काय खातो का तो?"

कुंदन हसला. तो कॉलेज रोडच्या संगणकाच्या दुकानातून घाईत आला होता. कर्णबधिर मुलांच्या या शाळेत श्रवणचाचणीचं नवं यंत्र आलं होतं, पण ते विंडोज ९८ वर चालत नव्हतं. आणि कुठल्या मुलाला किती ऐकू येतं याचे अकरा वर्षांचे आलेख ९८ मध्येच होते. तो जुना संगणक कधीच मेला होता. नव्या संगणकाच्या आत, पडद्यावरच्या एका चौकटीत, तो तसाच्या तसा चालवला जात होता. यंत्राच्या पोटातलं यंत्र. आता त्या आतल्या यंत्रावर नवं विंडोज, एक्सपी, चढवायचं होतं.

"आत्ताच्या घडीचा स्नॅपशॉट घेतो. बिघडलंच तर पुन्हा इथंच येऊ."

त्याने स्वतःच प्रोग्राम बंद केला. एक्सपी चढायला लागलं आणि 'चौतीस मिनिटं बाकी' यावर अडकलं. तासाभरानंतरही चौतीसच.

कुंदनने आतलं यंत्र स्नॅपशॉटच्या घडीला मागे नेलं.

११:१५

चौकटीतल्या घड्याळात तीच वेळ, प्रोग्राम पुन्हा उघडा, त्यात मघाशी होता तोच एका मुलीचा आलेख. मोतीरामने सुस्कारा सोडला.

"जुना अँटिव्हायरस नडतोय," कुंदन म्हणाला. तो काढून टाकला, साउंड कार्ड बंद केलं, पुन्हा सुरू. या वेळी एक्सपी नीट चढलं. प्रोग्राम उघडला. त्याने पासवर्ड मागितला.

"टाका काका."

मोतीरामने काहीतरी टाकलं. चूक. पुन्हा चूक. तिसऱ्यांदा प्रोग्राम आपणहून मिटला.

"रोज टाकता ना?"

"आज आठवत नाय बघा."

कुंदनने त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मागे नेलं.

११:१५

"पासवर्ड मला ठाऊकच नाय," मोतीराम म्हणाला. "कधीच नव्हता."

प्रोग्राम मनीषाबाईंनी लिहिलेला. मुलांचे कान त्याच तपासायच्या. मोतीराम शिपाई, त्यांनी त्याला आलेख भरायला शिकवलं. त्या पासवर्ड टाकायच्या तेव्हा तो खिडकीबाहेर बघायचा.

"बाईमाणूस काही खासगी टाइप करतंय, आपण कशाला डोळे घालायचे?"

तीन वर्षांपूर्वी बाई अपघातात गेल्या. आदल्या संध्याकाळी आतलं यंत्र त्यांनी बंद न करता नुसतं झोपवलं होतं, प्रोग्राम उघडा ठेवून. सकाळी मोतीरामने ते जागं केलं. तेव्हापासून बाईंच्या खुर्चीत बसून रोज तेच. लोडशेडिंगच्या वेळा तोंडपाठ. वीज जायच्या दहा मिनिटं आधी झोपवायचं. बंद कधीच नाही.

"तीन वर्षं! आणि सांगितलं नाहीत कुणाला?"

"सांगितलं असतं तर ही खुर्ची ऱ्हायली असती का?"

कुंदनने दाराकडे पाहिलं. मग आवाज उतरवून म्हणाला, "बघा, आलेखांना त्याच पासवर्डचं कुलूप आहे, दुसऱ्या कशातच उघडायचे नाहीत. मी मोठ्या बाईंना सांगतो, प्रोग्राम जुना होता, एक्सपीत चालत नाही, आलेख गेले. नवे काढायचे. तुमचं नाव कुठंच येत नाही."

"आणि पोरांचं?"

"नवं यंत्र आहे की."

"पाच वर्षांमागं किती ऐकू येत होतं, ते नवं यंत्र कसं सांगंल?"

"नाही सांगणार. एकच मार्ग आहे. अपग्रेड करायचं नाही. उघडा आहे तोवर एकेक आलेख छापून काढायचा. पण मग का छापताय, ते सांगावं लागेल."

मोतीराम उठला. शर्ट खाली ओढून नीट केला आणि मोठ्या बाईंच्या, मुख्याध्यापिकांच्या, खोलीत गेला. दार ओढलेलं होतं, कुंदनला एवढंच ऐकू आलं: "मोतीराम, तुम्ही?"

सहाशे बारा आलेख. नऊ दिवस लागले. शेवटचा कागद बाहेर आल्यावर मोतीरामने खात्रीसाठी तो दिव्याखाली धरला, फाइलला लावला आणि प्रोग्राम आपल्या हाताने बंद केला.

सोमवारी श्रवणचाचणीच्या नव्या बाई रुजू झाल्या. त्यांचं यंत्र, त्यांचा संगणक.

मोतीराम पुन्हा व्हरांड्यात, शिपायाच्या स्टुलावर बसला. या शाळेत मधल्या सुट्टीला घंटा नसते. घड्याळात अकरा झाले तसं त्याने भिंतीवरचं बटण दोनदा दाबलं. साती वर्गांतले लाल दिवे दोनदा लागले, दोनदा विझले. दारं उघडली आणि पोरं आरडत बाहेर आली, एवढ्या मोठ्याने की नव्या बाईंनी आपल्या खोलीची खिडकी लावून घेतली.